बर्निस पहिल्या बाकावर

ज्युरीचं, म्हणजे कोर्टात बसून खटला ऐकून निवाडा द्यायचं, बोलावणं आलं की आमच्या टॉर्विक काउंटीतल्या माणसांना एकाएकी काय काय व्हायला लागतं. एकाची पाठ धरते, दुसऱ्याच्या गाईला ताप येतो, तिसऱ्याला आठवतं की आपल्याला हल्ली ऐकूच कमी येतं. माझा भाऊ लॉइड तर या विद्येत पारंगत. दर खेपेला नवीन सबब काढून सुटून आलाय पठ्ठ्या. जगावेगळी काय ती एकटी त्याची बायको, आमची बर्निस. तिला आयुष्यात एकदाही बोलावणं आलं नव्हतं, आणि त्याचं तिला खरोखरीचं दुःख होतं. थट्टेतलं नाही, खरं.

"सगळ्या गावाला बोलावतात, मलाच काय धाड भरलीय?" असं ती दरवर्षी एकदा तरी म्हणायची.

"अगं, सुटलीस म्हण," मी म्हणायचे. "लोक नवस बोलतात यातून सुटायला."

बर्निसने जन्मभर शाळेची बस चालवली. उत्तरेकडच्या फाट्यापासून तळ्यापर्यंतची सगळी पोरं तिच्या बसमधून शिकली. मी एकदा वैतागून विचारलंच तिला, "त्या कोर्टात बसून तुला मिळणार काय गं? लाकडी खुर्ची आणि पांचट कॉफी!"

तेव्हा ती म्हणाली, "आर्डिस, बसमध्ये पोरांची भांडणं मी सोडवली ती सगळी आरशात बघून. नजर रस्त्यावर, कान मागे. अर्धं ऐकायचं आणि ओरडायचं, 'तू पुढे ये, तू मागे जा.' कुणाचं पुरतं ऐकताच आलं नाही मला. एकदा तरी नीट समोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचंय कुणाचं तरी."

तेव्हापासून मी तिला ते विचारणं सोडलं.

आणि मग या एप्रिलात, माझ्या मेंढ्या विण्याच्या ऐन दिवसांत, दोघींनाही एकदमच बोलावणं आलं. नशीब बघा माझं! बर्निसची सत्तरी उलटलेली. सत्तरी उलटली की आमच्याकडे नुसतं 'नको' म्हटलं तरी सोडतात. मला अजून सत्तरी लागायची होती, म्हणून मला सुटका नाही, आणि जिला सुटका होती ती बाई नाचत निघाली. आदल्या संध्याकाळी एका नंबरावर फोन करायचा असतो, तिथे टेपवरची बाई सांगते उद्या यायचं की नाही ते. बर्निसने तो फोन पुन्हा पुन्हा केला. लॉइड म्हणाला, "टेप आहे ती, बदलणार नाही." तर म्हणते, "ऐकायला बरं वाटतं."

सकाळी मी गाडी घेऊन तिच्या दारात गेले तर ही बाई चर्चचा निळा झगा घालून, मांडीवर डबा घेऊन तयार. डब्यात खजुराच्या वड्या.

"कोर्टात कशाला गं वड्या?"

"ताटकळत बसावं लागतं म्हणे. माणसांना भूक लागेल."

"ज्युरीची निवड आहे बर्निस, बारसं नाही."

"असू दे. वडीने कुणाचं वाईट झालंय?" ती म्हणाली, आणि गाडीत बसली.

आमचं कोर्ट म्हणजे एक दगडी इमारत, एक मोठी खोली आणि तिच्याबाहेर एक लांब बोळ. त्या बोळात बाक मांडलेले. ज्याला यायचं तो त्याच बोळातून येणार, मग तो न्यायाधीश असो की चोर. आम्ही बोलावलेली सगळी माणसं तिथे कोंबली होती. मी खिडकीपाशी उभी राहून मेंढ्यांची काळजी करत होते. लॉइडला मेंढीचं काही कळत नाही, त्याला बाळंतीण मेंढी आणि रिकामं पोतं एकसारखंच दिसतं. बर्निस मात्र डबा घेऊन बोळभर फिरत होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की खायला पुढे केलं तर पहिल्यांदा 'नको नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'कशाला उगीच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अगदी छोटी द्या' म्हणून सगळ्यांत मोठी उचलायची. पहिल्याच फटक्याला घेणारा माणूस आमच्या काउंटीत जन्मला नाही. त्यामुळे एका बोळातल्या माणसांना वड्या वाटायला बर्निसला चांगलाच वेळ लागला.

शेवटच्या बाकावर एक पोरगा एकटाच बसला होता. पंचविशीचाही नसेल. अंगात कोरा कोट, हात गुडघ्यांच्या मध्ये दाबलेले, नजर फरशीवर. बर्निसने डबा पुढे केला आणि त्याने लगेच वडी उचलली. पहिल्याच खेपेला! मी लांबून बघितलं आणि मनात म्हटलं, हा इथला नव्हे. पण बर्निसच्या ते ध्यानातच आलं नाही. तिला एवढंच दिसलं की पोराला भूक लागलीय. तिने त्याला दुसरीही दिली आणि त्याच्याशेजारी बसली.

"पहिल्यांदाच आलास का रे?"

त्याने मान हलवली.

"मीसुद्धा. घाबरू नकोस हां. विचारतील त्याचं खरं खरं उत्तर द्यायचं, बस. न्यायाधीशबाई चांगली आहे, तिचा भाऊ माझ्या बसमध्ये होता."

"हो, बाई," तो म्हणाला. बोलण्याची ढब दक्षिणेकडची, लांबट.

"आणि हे काय रे? कोटाच्या मागच्या फाटीचे टाके तसेच आहेत! ते दुकानातले कच्चे टाके असतात, काढायचे असतात. कुणी सांगितलं नाही तुला? ऊठ, वळ तिकडे."

आणि देवा रे, सगळ्या बोळादेखत या बाईने वाकून त्या परक्या पोराच्या कोटाचे टाके दातांनी तोडले! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. फिरवताना तेवढं दिसलं, तो पोरगा हसत होता. ओठ जरा थरथरत होते, पण हसत होता. थोड्या वेळाने एक घाईतला माणूस फायली सावरत आला आणि त्याला घेऊन गेला. बर्निस मला म्हणाली, "गुणी पोर आहे. पण जेवत नाही धड."

मग आम्हाला आत घेतलं. चिठ्ठ्या निघायला लागल्या. पहिलंच नाव बर्निसचं! त्या क्षणी तिचा चेहरा बघायला हवा होता. आमच्याकडे फार आनंद झाला तर 'वाईट नाही' म्हणतात, त्याच्यापुढे जात नाहीत. पण बर्निस अशी चालत गेली की तिचं लग्न बघितलेल्यांनीही तिला अशी चालताना बघितलं नसेल. ज्युरीच्या चौकटीतल्या पहिल्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि मान ताठ केली. बाकीची नावं निघत गेली. माझं काही निघालं नाही. मी मागच्या बाकावर मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.

सरकारी वकील होता नील्स ब्रेक्के. कोवळाच आहे अजून, मिशी ठेवून मोठा दिसायला बघतो. त्याने विचारलं, "मिसेस ओसेन, या खोलीतल्या कुणाला आपण ओळखता?"

"तुलाच ओळखते की रे. लिंडक्विस्टांच्या वळणावर माझ्या बसमध्ये ओकला होतास तू."

सगळी खोली हसली. न्यायाधीशबाईसुद्धा हसली आणि म्हणाली, "ओळख असणं हा काही दोष नाही, नाहीतर या काउंटीत ज्युरी मिळणारच नाही. खटल्याशी संबंध नसला म्हणजे झालं." मग तिने खटला काय ते सांगितलं. टर्की कोंबड्या कापायच्या कारखान्यातल्या एका कामगाराने मुकादमाचं मासे धरायचं खोपटं, भर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर पेटवून दिलं, असा आरोप होता. सगळ्या खोलीत कुजबुज उठली. थंडीत तळं गोठलं की आमच्याकडे लाकडी खोपटं बर्फावर ओढून नेतात आणि आत बसून बर्फाच्या भोकातून गळ टाकतात. आमच्याकडे एक वेळ घर जळलं तर माणूस विम्याचं बघतो. पण खोपटं? त्यात आजोबांचे गळ असतात, शेगडी असते, बायकोपासून लपवलेली बाटली असते. खोपटं जाळणं म्हणजे पापच.

"आरोपी टॅनर ब्लेडसो, उभे राहा. ज्युरीतलं यांना कुणी ओळखतं का?"

त्या फायलीवाल्या वकिलाशेजारचा माणूस उठून आमच्याकडे वळला. तोच तो, कोरा कोट, मागची फाट मोकळी.

त्याने बर्निसकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. तिला अडचणीत टाकायचं नव्हतं त्याला, ते मला तिथूनही कळलं. बोळात ते दोघं बोलत बसलेले बघायला सरकारी वकील नव्हता, न्यायाधीशबाई नव्हती. बोळातल्या माणसांनी बघितलं होतं, पण आपणहून उठून दुसऱ्याचं सांगणारा आमच्याकडे कुणी नाही. बर्निस गप्प बसली असती तर न्यायाधीशबाईला पत्ताही लागला नसता. मी मागे बसून मनात म्हणत होते, गप्प बस बाई, तोंड उघडू नकोस. आयुष्यभर वाट बघितलीस ना याची? बस तशीच!

बर्निसने पर्सचा बंद घट्ट धरला. मग हळूच हात वर केला.

"माझी ओळख आहे."

"कशी काय?" न्यायाधीशबाईने विचारलं.

"आत्ताच झाली, बाहेर बोळात. मी त्याला वडी दिली."

परत हशा. न्यायाधीशबाई हसली नाही. "खटल्याबद्दल काही बोलणं झालं?"

"छे हो. मला वाटलं, तोही आमच्यातलाच एक. बोलावणं आलेला."

"हरकत नाही. तरीसुद्धा तुम्ही दोन्ही बाजू निःपक्षपाती मनाने ऐकू शकाल? शकाल असं वाटत असेल तर बसा."

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. बर्निसने त्या पोराकडे बघितलं, मग न्यायाधीशबाईकडे.

"बाईसाहेब," ती शेवटी म्हणाली, "खोटं कसं सांगू? मी त्याच्या कोटाचे टाके दातांनी तोडलेत. आता तो माझ्या बसमधला झाला. माझ्या बसमधलं पोर मला कधी परकं वाटलं नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

न्यायाधीशबाईने तिचे आभार मानले आणि तिला मोकळं केलं. बर्निस उठली. ती माझ्याजवळून मागे गेली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, मला बघवेना. अशी रागावले होते मी! तिच्यावर, त्या पोरावर, त्या मेल्या वड्यांवर.

आणि तेवढ्यात रिकाम्या खुर्चीसाठी चिठ्ठी निघाली. "आर्डिस फॉसम."

दात आहेत त्याला चणे नाहीत, चणे आहेत त्याला दात नाहीत, म्हणतात ते हेच. मी उभी राहून मेंढ्यांचं रडगाणं सुरू केलं. विण्याचे दिवस आहेत, रात्री उठावं लागतं, एकटी बाई आहे. न्यायाधीशबाई म्हणाली, "मेंढ्यांकडे बघायला दुसरं कुणी नाही?"

मी 'नाही' म्हणणार, तोच मागून आवाज आला, "लॉइड बघेल की!"

बर्निस! कुणी विचारलं होतं हिला? पण झालं, मी अडकले.

दुपारपर्यंत निवड आटोपली आणि बाकीची माणसं सुटल्यासारखी पळाली. खोली रिकामी झाली तशी बसायची व्यवस्था स्पष्ट दिसायला लागली. उजवीकडे मुकादमाची बायको, मेहुणे, चुलते, तळ्यावरची सगळी मंडळी, दाटीवाटीने. डावीकडे, टॅनरच्या मागे, एकही माणूस नाही. दक्षिणेतल्या आर्कान्सातून इतक्या लांब कोण येणार त्याच्यासाठी? बर्निस दारापाशी पोचली होती. दारावरचा शिपाई गॉर्डन तिचा कोट हातात धरून उभा होता.

"झालं तुझं, बर्निस. जा घरी."

"ही खोली सगळ्यांना खुली असते ना रे?"

"असते. पण तुला आता काम नाही इथं."

"माहितीय," ती म्हणाली, आणि वळली.

आम्ही लुथरन पंथाची ख्रिस्ती माणसं. चर्चमध्ये मागचे बाक आधी भरतात, पहिल्या बाकावर फक्त मेलेल्याचे नातेवाईक बसतात. बर्निसला मी जन्मात कधी पहिल्या बाकावर बसलेली बघितली नव्हती. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधल्या वाटेने चालत गेली आणि डावीकडे, त्या पोराच्या अगदी मागे, पहिल्या बाकावर जाऊन बसली. मुकादमाच्या बायकोने तिच्याकडे असं बघितलं की दूध नासावं. बर्निसने तिला 'नमस्कार शर्ली' म्हटलं आणि पर्स मांडीवर घेतली.

न्यायाधीशबाईने आम्हा दोघींना जवळ बोलावून बजावलं. खटल्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आणि एका गाडीतूनही यायचं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून एकाच रस्त्याच्या, शेजारशेजारच्या घरांतून दोन गाड्या निघायच्या. पुढे बर्निसची, मागे माझी, तोच सरळ रस्ता. पेट्रोल पंपावरचा पोरगा हसायचा, "काय आत्या, भांडण झालं का?" संध्याकाळी ती मेंढ्यांना चारा घालायला यायची तेव्हाही आम्ही फक्त हवापाण्याचं बोलायचो. आमच्याकडे हवेवर बोलायला कमी पडत नाही म्हणून निभावलं.

खटला चालला तसतशी मी बघत होते. मला सगळं उरकून घरी पळायचं होतं, साफ सांगते. पण समोर बर्निस बसलेली. साक्षीदार बोलू लागला की ती पुढे झुकायची. मुकादम स्वतः बोलला तेव्हा त्याचंही तसंच ऐकलं तिने, आजोबांच्या गळांचं सांगताना तो डोळे पुसायला लागला तर हिचेही डोळे भरून आले. कुणाची बाजू घेऊन बसली नव्हती ती, ऐकत होती. मी मेंढ्यांच्या विचारात हरवले की तिच्याकडे नजर जायची, आणि लाज वाटून मी पुन्हा कान द्यायचे.

आत निर्णयाला बसलो तेव्हा हार्डवेअरवाला हार्लन म्हणाला, "कॉफी थंड व्हायच्या आत उरकू. त्यानेच जाळलं, यात काय शंका आहे?" बरेच जण माना डोलवायला लागले.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "हार्लन, तू स्क्रू विकतोस तेसुद्धा मोजून देतोस. पोराचं आयुष्य अंदाजे देतोस का? बस खाली. पहिल्यापासून बोलू."

मग आम्ही पहिल्यापासून बोललो. प्रत्येकाचं म्हणणं घेतलं. संध्याकाळ झाली. आणि एवढं सगळं करून उत्तर तेच आलं. मुकादमाने त्याला चारचौघांत हिणवलं होतं, हे खरं. पण खोपटं त्यानेच जाळलं होतं. दोषी. मी हात वर केला तेव्हा तो मला जड झाला होता.

आम्ही परत कोर्टाच्या मोठ्या खोलीत आलो. माझी नजर पायांतल्या बुटांवर. आमच्यातल्या एकानेही त्याच्याकडे बघितलं नाही. कारकुनाने निकाल वाचला. उजवीकडून मोठा सुस्कारा आला, कुणी तरी 'देवा' म्हणालं. तेव्हा मी वर बघितलं. टॅनरने आमच्याकडे बघितलंही नव्हतं. तो मागे वळला होता. बर्निस तिथेच होती. तिने काही केलं नाही, हात नाही लावला, बोलली नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याने खालचा ओठ दातात धरून एकदा मान हलवली. मग गॉर्डन त्याला घेऊन गेला.

बाहेर गाड्यांजवळ वारा सुटला होता. आता बोलायला बंदी नव्हती, पण दोषी ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि ही आता मला काय म्हणेल याची मला भीती वाटत होती. शेवटी मीच म्हटलं, "बर्निस, आम्ही नीट ऐकलं गं. सगळं ऐकलं. त्यानेच केलं होतं."

"मला माहितीय," ती म्हणाली. "मीही ऐकलं की. मी तिथं असते तरी हात वरच केला असता."

"मग इतके दिवस त्याच्या मागं कशाला बसलीस?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"अगं, त्याने केलं म्हणून काय त्याने ते एकट्याने ऐकायचं?"

मी तिथेच गाडीला टेकून रडले. इतकी वर्षं तिला वेडी समजत आले मी, आणि त्या वाऱ्यात उभी राहून ती मला रुमाल शोधून देत होती.